पंपाशेजारच्या भूजलाचा अहवाल ‘स्वच्छ’ येण्याआधी : या चुका टाळा

पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी किंवा नळी गळायला लागली की पेट्रोल मुरमातून झिरपत भूजलापर्यंत जातं आणि पाण्यावर तरंगतं. त्यातलं बेन्झीन हे कर्करोगाला कारण ठरणारं रसायन मात्र पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर शेजारच्या विहिरीकडे निघतं. हे पाणी कुणीतरी पितं, म्हणून या तपासणीतली हयगय मला सहन होत नाही.

‘वास येत नाही ना, मग काही नाही’ ही सगळ्यात घातक समजूत. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेन्झीनची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. नुसत्या बेन्झीनचा पाण्यातला वास मात्र लिटरला साधारण १० मिलिग्रॅम झाल्यावर जाणवतो, म्हणजे मर्यादेच्या हजारपट. नाकावर विसंबू नका.

आवारातला जुना बोअर निरीक्षणासाठी वापरणं

महाराष्ट्रात ही चूक सर्रास होते. पंपावर आधीच दोनशे फुटी बोअर असतो, खर्च वाचतो, म्हणून नमुना त्यातूनच घेतात. पण त्याचं केसिंग, म्हणजे वरच्या भागात बसवलेला पाइप, मुरमातलं पाणी अडवतं आणि बोअरला पाणी मिळतं ते खालच्या काळ्या पाषाणातल्या (बेसाल्टमधल्या) भेगांमधून. पेट्रोल वर तरंगतंय, आपण तपासतोय तळाचं पाणी! केसिंगभोवतीची जागा नीट बुजवलेली नसेल तर तोच बोअर वरचं दूषित पाणी खालच्या भेगांपर्यंत पोचवतो.

निरीक्षण विहीर वेगळी, उथळ हवी. तिच्या पाइपचा छिद्रांचा भाग पाण्याच्या पातळीच्या वरही हवा आणि खालीही, तोही मे महिन्यातली आणि पावसाळ्यानंतरची अशा दोन्ही पातळ्या धरून. वरच्या बाजूला पाण्याने फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीचं बूच हवं, नाहीतर पंपाच्या फरशीवरचं सांडलेलं पेट्रोल थेट आत उतरतं. आणि एका विहिरीने पाणी कुठे वाहतंय ते कळत नाही. एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. बेसाल्टमध्ये भेगांची दिशा पाण्याला भलतीकडे वळवू शकते, त्यामुळे तीनवर थांबू नये असं माझं मत.

पेट्रोलच्या थराचं वजन विसरणं

विहिरीत ६० सेंटिमीटर पेट्रोल तरंगत असेल तर त्याच्या भाराने खालचं पाणी सुमारे ४४ सेंटिमीटर दबलेलं असतं (घनता ०.७३ धरली तर). मोजलेल्या पाण्याच्या उंचीत तेवढी भर घातली नाही, तर नकाशावर पाणी पेट्रोलच्या विहिरीकडेच वाहताना दिसतं आणि धोक्यातली विहीर सुरक्षित ठरते. थर आणि पाणी वेगवेगळं दाखवणारा इंटरफेस प्रोब वापरा. साध्या टेपने हा फरक कळत नाही.

फक्त पावसाळ्यानंतर नमुना घेणं

पावसाळ्यात पातळी वर चढते तेव्हा बरंचसं पेट्रोल मुरमाच्या पोकळ्यांत, पाण्याखाली अडकतं. विहिरीतला थर नाहीसा होतो आणि ‘गळती संपली’ असा अहवाल लिहिला जातो. मे महिन्यात पातळी उतरली की थर परत हजर! वर्षाचे किमान चार नमुने घ्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवसाची पाण्याची पातळी लिहा. अहवाल अचानक स्वच्छ आला तर आधी तो रकाना बघा.

चुकीची बाटली

प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धं भरलेलं पाणी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बेन्झीन वरच्या हवेत निघून गेलेलं असतं. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाची ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरा, उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्या. जिवाणूंनी बेन्झीन खाऊ नये म्हणून कुपीत आम्ल घालतात, पण आपल्याकडच्या जड पाण्यात आम्ल पडताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. तसं झालं तर आम्लाविना भरा, बर्फात ठेवा आणि १४ ऐवजी ७ दिवसांत तपासून घ्या. मोठ्या मोटरने पाणी खळखळवत उपसू नका. मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी वेगाने काढा, पीएच आणि विद्युतवाहकता स्थिरावल्यावरच कुपी धरा. ज्या हातमोज्यांनी जनरेटरमध्ये पेट्रोल भरलं तेच घालून नमुना घेतला, तर सापडलेलं बेन्झीन कदाचित तुमचंच असेल.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि बेन्झीनचं विघटन लांबतं. म्हणून विरघळलेला ऑक्सिजन आणि तो संपल्यावर जिवाणू ज्यांच्याकडे वळतात ते नायट्रेट, सल्फेट आणि लोहही मोजा.

शेजारच्या विहिरीत बेन्झीन सापडलं तर ते पाणी उकळून प्यायला सांगू नका, उकळताना ते स्वयंपाकघराच्या हवेत येतं. त्या पाण्याने गरम अंघोळही नको. विहिरीत पेट्रोलचा वास येत असेल तर कुणालाही आत उतरू देऊ नका, काडी ओढू नका, मोटर सुरू करू नका. त्या घरांना त्याच दिवशी दुसरं पाणी पोचवा.