थंडीतली जपानी लाव्ही: पहिला आठवडा आणि दिव्याचे तास

दिवाळीनंतर आणलेली लाव्हीची (बटेर, अंडी-मांसासाठी पाळतात तो छोटा पक्षी) पिल्लं दगावतात ती बहुतेक पहिल्या आठवड्यात, तीही रात्री. पिल्लू जेमतेम 7-8 ग्रॅमचं. परभणीकडे पारा 10 अंशांखाली उतरतो आणि त्यात लाईट गेली की सगळी एकमेकांवर चढतात, खालची गुदमरून मरतात.

म्हणून पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी बल्बची जागा) तापवून ठेवा. पिल्लांच्या उंचीवर 35 ते 37 अंश हवेत, पुढे दर आठवड्याला 3 अंश कमी करा. 100 पिल्लांना 60 वॅटचे तीन जुने पिवळे बल्ब लावा. एलईडीनं उजेड पडतो, ऊब मिळत नाही. थर्मामीटर हवाच, पण खरं पिल्लंच सांगतात: बल्बखाली दाटी केली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर बल्ब वर घ्या. भोवती पत्र्याचं गोल कडं लावा, कोपरा ठेवू नका. लाईट गेल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी मुळीच नको. गरम पाण्याच्या बाटल्या बारदानात गुंडाळून ठेवा.

भुशावर आठवडाभर खरखरीत खोक्याचा पुठ्ठा अंथरा. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात, पिल्लू कायमचं अधू होतं. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका, नाहीतर पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात.

खाद्यात पहिले तीन आठवडे 25-27 टक्के प्रथिनं लागतात. कोंबडीच्या लेयर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) खाद्यावर पिल्लं खुरटतात. ब्रॉयलर प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबडीच्या पिल्लांचं पहिलं खाद्य) रव्यासारखं बारीक करून त्यात थोडी सोयाबीन पेंड मिसळा.

मांसासाठीचे पक्षी पाच आठवड्यांत 180-200 ग्रॅम भरले की विका. त्यापुढे रोजचं 25-30 ग्रॅम खाद्य अंगी लागत नाही.

मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते. डिसेंबरात मात्र अनेकांकडे अंडी अचानक थांबतात आणि दोष खाद्याला दिला जातो. कारण दिवस असतो: तो तेव्हा जेमतेम 11 तासांचा, आणि मादीला उजेड हवा 14 ते 16 तास. पहाटे व संध्याकाळी मिळून चार-पाच तास बल्ब लावा, वेळ रोज तीच ठेवा. सोबत शिंपल्याचा चुरा द्या, नाहीतर कवच पातळ येतं.

खाण्याच्या अंड्यांना नर लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात छाती तांबूस दिसली तो नर, ठिपके दिसले ती मादी. नर जास्त झाले की माद्यांची डोकी टोचून सोलतात, जादा नर वेळीच वेगळे काढा.

पिंजरा फूटभरापेक्षा उंच नको. दचकलेली लाव्ही सरळ वर उडते आणि डोकं आपटून घेते. शिवारातली लाव्ही पकडून यात मिसळू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.