फिशटँकचं पाणी हिरवंगार होत होतं, शेवटी अंधाराने थांबलं

लक्षण: काच स्वच्छ, मासे ठणठणीत, पण पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं. अर्धं पाणी बदललं की दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच. फिल्टरचा स्पंज धुऊनही फरक नाही, कारण हे तरंगतं एकपेशीय शेवाळ इतकं बारीक असतं की स्पंजमधून आरपार जातं. अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

उपयोग झाला तो असा. आधी निम्मं पाणी बदललं; नवं पाणी टँकइतक्याच तापमानाचं, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) घातलेलं. मग लाइट बंद करून चारही बाजूंनी जाड काळी चादर लावली, वरून हवेला फट ठेवून. चार दिवस पूर्ण अंधार, खाणं बंद (धडधाकट मोठे मासे सहज राहतात, पिल्लं असतील तर हे करू नका). एअर पंप मात्र अखंड चालू हवाच, अंधारात शेवाळही ऑक्सिजन खातं. चादर काढल्यावर लगेच पुन्हा निम्मं पाणी बदललं, कारण मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया वाढतो. स्पंज टँकमधून उपसलेल्या पाण्यातच पिळला. नळाच्या क्लोरीनने स्पंजमधले उपयोगी जिवाणू मरतात.

आता टँक खिडकीपासून लांब आणि लाइट टायमरवर, रोज सहा तास.