नव्या सी ॲनिमोनला खाऊ घालण्याची घाई करू नये

बबल टिप ॲनिमोन हा खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पाळला जाणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी घरी आणल्यावर पहिला आठवडाभर त्याला काहीही भरवू नये. त्याच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशापासून अन्न तयार करून त्याला पुरवत असतात, त्यामुळे या काळात त्याला अन्नापेक्षा चांगल्या प्रकाशाची आणि स्थिर पाण्याची गरज अधिक असते. टाकी किमान सहा महिने चाललेली असावी, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस आणि पाण्याची विशिष्ट घनता (खारेपणाचे माप) १.०२५ च्या आसपास राखावी. आपल्याला बसण्यायोग्य कपार सापडेपर्यंत तो टाकीत सरकत राहतो, म्हणून पंपाच्या तोंडावर आधीच स्पंज किंवा जाळी बसवावी. दगडाला चिकटलेला त्याचा पाय ओढून काढू नये. तो फाटला, तर जीव वाचणे कठीण होते.

तो स्थिरावून शुंडके (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) फुलवू लागला, की आठवड्यातून एकदा वाटाण्याएवढा कच्च्या कोळंबीचा बिनमिठाचा, बिनमसाल्याचा तुकडा चिमट्याने शुंडकांवर अलगद ठेवावा. शुंडके मिटत तुकडा मधल्या तोंडाकडे नेतात, ते पाहण्यासारखे असते. तुकडा मोठा असल्यास बहुधा दुसऱ्या दिवशी तो ओकून टाकतो. तसे झाल्यास पुढचा तुकडा निम्मा करावा. अधूनमधून आक्रसून तपकिरी मळ बाहेर टाकणे नैसर्गिक आहे. मात्र तोंड सतत उघडे राहून शरीर विरघळू लागले आणि कुजका वास आला, तर त्याला तत्काळ बाहेर काढावे, कारण मेलेला ॲनिमोन टाकीतील सारे पाणी नासवतो.