खलनायकाचा सापळा रचताना आधी दार कुठल्या बाजूला उघडतं ते ठरवा

कॉमिक्स लिहायला लागण्याआधी मी रुग्णालयांतल्या मोठ्या यंत्रांची देखभाल करत होतो. त्यामुळे खलनायकाचा अजस्र सापळा समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ह्याची सर्व्हिसिंग कोण करतं? कारण जे यंत्र दुरुस्त करायला माणूस आत जातो, त्यात त्या माणसाच्या जिवासाठी काहीतरी सोय ठेवावीच लागते. तुमच्या नायिकेची सुटका त्या सोयीतून काढा. ऐन वेळी सापडलेल्या नव्या शक्तीतून काढलीत तर वाचक पुढचा अंक उधारीवर वाचेल.

एक सापळा शेवटपर्यंत रचून दाखवतो. नायिकेच्या हातांवर पोलादी चिलखत आहे आणि तिची सगळी मदार त्याच्यावर. सापळा नेहमी बलस्थानावर लावायचा, दुबळ्या जागेवर कुणीही लावेल. म्हणून खलनायकाने एमआरआयमध्ये असतो तसला अतिवाहक चुंबक खोलीच्या भिंतीत बसवलाय. 3 टेस्ला धरा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण साठ हजार पट. ती आत आली की दोन्ही हात खण्णकन भिंतीला.

हे वाचकाला कसं सांगायचं? खलनायकाच्या तोंडून नको. दीड पानभर स्वतःचं यंत्र समजावून सांगणारा खलनायक मला कधीच पटला नाही. त्याऐवजी दोन पानं आधी त्याचाच एक पंटर खिशात पाना ठेवून दारात येऊ द्या. पहिल्या चौकटीत खिसा नुसता ताणलेला. दुसरीत पाना हवेत, आडवा, पंटरच्या डोळ्यांसमोरून जाताना. तिसरीत तो भिंतीला चिकटलाय आणि पंटर दोन्ही हातांनी ओढतोय. शब्द एकही नाही. इथे एक बारकावा पाळा: ओढ चुंबकाच्या तोंडापाशी एकदम वाढते, दूर असताना जाणवतही नाही. म्हणून पाना आधी अगदी हळू सरकतो आणि मग सुटतो. अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही, पण तिथे त्याचा पत्रा झटकन हलवायला गेलात तर पाकात बुडवल्यासारखा जड होतो. अनुभवलेलं सांगतोय, चित्रकाराला हे जरूर काढायला लावा.

आता पहिली धडपड. वाचकाच्या मनात येणार, वीज तोडा. तोडू द्या तिला. तिचा साथीदार बाहेरून मेन स्विच पाडतो, दिवे जातात, पंखे थांबतात आणि पान संपतं. हे पान विषम क्रमांकाचं, म्हणजे उजव्या हाताचं असलं पाहिजे. उत्तर पान उलटल्यावरच दिसावं. उलटलं की डाव्या पानावर अंधारात तिचे हात होते तिथेच चिकटलेले. कारण उणे 269 अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेल्या चुंबकाच्या तारेच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाहाला विरोधच नसतो, अतिवाहक म्हणजे तेच. एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो, बाहेरच्या विजेची त्याला गरज नाही. एमआरआयचा चुंबक रात्री दिवे मालवल्यावरही चालूच असतो, हे बऱ्याच वाचकांना माहीत नसतं आणि इथे तेच कामाला येतं.

दुसरी धडपड म्हणजे ते लाल बटण. अशा खोलीत भिंतीवर झाकणाखाली एक बटण असतं. ते दाबलं की वेटोळ्याचा थोडा भाग गरम होतो, अतिवाहकता जाते, उष्णता पसरत जाते आणि क्षेत्र कोसळतं. ह्याला क्वेंच म्हणतात. बटणाला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे वीज गेली तरी हे चालतं. तिचे हात अडकलेत, पाय मोकळे आहेत. मी इथे पूर्ण रुंदीची एक चौकट फक्त पायाच्या अंगठ्याला देईन: बूट काढलेला, झाकण उचललेलं, अंतर बोटभर.

हात सुटतात. आणि खरा सापळा इथून सुरू होतो.

क्वेंच झाला की द्रव हेलियम उकळतो आणि त्याचा वायू सातशे पटींहून जास्त जागा मागतो. त्याला थेट छतावर नेणारा जाड पाइप असतो. खलनायकाने तो बुजवलाय. पांढरे लोट छताकडून खाली साचत येतात (हेलियम दिसत नाही, दिसते ती गोठलेली बाष्प, रंगवणाऱ्याने हिरवा विषारी धूर काढला तर परत पाठवा). हवेतला ऑक्सिजन ढकलला जातो. कृपा करून इथे उलटी मोजणी करणारं घड्याळ लावू नका. त्याऐवजी भिंतीवर ऑक्सिजन मीटर ठेवा: 20.9, मग 19.5 ला भोंगा, मग 16, 13. गंमत म्हणजे तिला गुदमरल्यासारखं वाटतच नाही. श्वास कोंडल्याची जाणीव साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, आणि तो तर ती नीट बाहेर टाकतेय. आकडा वाचकाला दिसतो, तिला फक्त थोडी भोवळ. अक्षरं लिहिणाऱ्याला इथे भरपूर खेळायला मिळतं. हेलियममुळे तिचा आवाज चिरका होतो, म्हणून संवादाच्या फुग्यातली अक्षरं बारीक, उंच. मग वाक्यं अर्धवट, मग चुकीच्या जागी हसू. वाचक आधी हसेल, पुढच्या चौकटीत गप्प होईल.

ती दाराशी जाते. दार आत उघडणारं आहे आणि वाढलेला दाब ते चौकटीवर दाबून धरतोय. माणसाच्या ताकदीने ओढून उघडत नाही. ही बिजागरी मी पंटरच्या पानावरच दाखवलेली असते, कुणाच्या लक्षात न येईल अशी, त्याच्या खांद्यामागे. चित्रकाराला पटकथेसोबत खोलीचा नकाशा द्या: दार, बिजागरी, पाइप, बटण, मीटर, काच. नकाशा दिला नाही तर तिसऱ्या पानावर दार बाहेर उघडतं आणि सगळं ओमफस.

काच म्हणालो ती खलनायकाची. त्याला तिचा अंत पाहायचाय, म्हणून नियंत्रणकक्षात खिडकी आहे. खऱ्या जागीही अशा वेळी दार उघडलं नाही तर खिडकी फोडा असंच शिकवतात. चुंबक आता मेलाय, म्हणजे पोलादी हात पुन्हा तिचे. ती जमिनीलगत सरपटत येते, कारण उरलेली हवा खाली आहे, आणि ज्या हातांनी तिला अडकवलं त्यांनीच काच फोडते. संवाद नको. आवाजाचं एकच मोठं अक्षरचित्र पुरे.

ह्या सगळ्याला वीस पानांच्या अंकात सहा पानं द्या, त्याहून कमी दिलीत तर मीटरचे आकडे धावल्यासारखे वाटतील. आणि हा सापळा पुढच्या अंकात परत आणू नका. हजाराहून जास्त लिटर हेलियम उडून गेलाय, वेटोळं पुन्हा थंड करून प्रवाह चढवायला दिवस लागतात. खलनायकाला त्याची सोय करायची असेल तर एखादा तंत्रज्ञ पळवून आणावा लागेल. ती मात्र वेगळी गोष्ट होऊ शकते.