ड जीवनसत्त्व : पुरेसे, पण अति नको

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींत राहून दिवसभर कार्यालयात काम करणाऱ्यांच्या अंगावर ऊन फारसे पडत नाही, आणि बंद काचेतून येणाऱ्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी उपयोग होत नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. उपवन तलावाकाठची पहाटेची फेरी आरोग्याला उत्तमच. मात्र ड जीवनसत्त्वासाठी, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळचे ऊन हातापायांवर थोडा वेळ, त्वचा लाल होण्याआधीपर्यंत घ्यावे.

प्रौढांची रोजची गरज साधारण ६०० युनिट असून वैद्यकीय देखरेखीशिवाय ४,००० युनिटांची मर्यादा ओलांडू नये. खरा धोका ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटांच्या औषधी पुडीत आहे. ही पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतली, किंवा जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, अति तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता आणि पुढे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून पुडीचा वार दिनदर्शिकेवर लिहावा आणि मल्टिव्हिटॅमिन व कॅल्शियमच्या गोळ्यांतील ड जीवनसत्त्वही हिशेबात धरावे. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळते, त्यामुळे ते जेवणानंतर घ्यावे.

मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी सुरूच करू नये.