ओट्याखाली कडाप्पा, एमडीएफ नको

मालवण-वेंगुर्ल्याकडे खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात घर असेल, तर ओट्याखाली एमडीएफची कपाटं करू नका. लाकडाचे तंतू दाबून केलेला तो बोर्ड पावसाळ्यात ओल पितो, फुगतो आणि शेवटी कचऱ्यात जातो. त्यापेक्षा चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बुटक्या भिंती बांधून त्यांत कडाप्प्याच्या फळ्या बसवा. पुढून शक्यतो उघडंच ठेवा. हवा खेळली की बुरशी कमी धरते. दारं हवीच असतील (पाहुण्यांपुढे पसारा नको, हेही खरंच!) तर जुन्या घराच्या फणसाच्या फळ्या वापरा. बिजागऱ्या आणि स्क्रू मात्र ३१६ ग्रेडच्या स्टीलचे घ्या. त्यातल्या मॉलिब्डेनम या धातूमुळे ते ३०४ ग्रेडपेक्षा खारी हवा जास्त सोसतात. सिंकला ३०४ चालतं, फक्त पुसत राहा.