कंपोस्टच्या ड्रममधल्या अळ्या कुणाच्या, ते आधी बघा

पाऊस लागला की गोव्यात ज्यांच्या ज्यांच्या परसात कंपोस्टचा ड्रम आहे त्यांचा एकच प्रश्न, आत अळ्या झाल्यात, फिनाईल ओतू का? अजिबात नको. आधी काडीने एक अळी बाहेर काढून उजेडात बघा. मऊ, गुळगुळीत, पांढरट, एका टोकाला निमुळती आणि जेमतेम सेंटीमीटरभर असेल तर घरमाशीची. चपटी, अंगावर वळ्या, कातडी राठ, रंग मळकट ते तपकिरी, आणि वाढून दोन-अडीच सेंटीमीटर झालेली असेल तर ती ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीची, आणि मग तुमचं नशीब चांगलं म्हणायचं.

सोल्जर फ्लाय दिसायला गांधीलमाशीसारखी, काळी, लांबट, म्हणून लोक घाबरून चप्पल मारतात, पण तिला नांगी नसते. मोठी झाल्यावर ती अन्न फारसं खातच नाही, त्यामुळे तुमच्या ताटावर यायचं तिला कारणच नाही. जवळजवळ सगळं खाणं अळीपणीच, भाताचं उरलेलं, फणसाची चारखंडं, बांगड्याची आतडी, काहीही द्या, फस्त. वर या अळ्या भरपूर झाल्या की घरमाशी तिथे अंडी घालायला फारशी येत नाही.

घरमाशीचीही अळी कचरा कुजवतेच, पालींना-बेडकांना खाणं मिळतं, म्हणजे ती अगदीच निरुपयोगी नाही, पण मोठी झाली की घाणीवरून उठून थेट जेवणावर बसते आणि चावता येत नाही म्हणून लाळ सोडून अन्न पातळ करून शोषते. हगवण, टायफॉईडचे जंतू असे पसरतात.

तर घरमाशीच्या अळ्या निघाल्या तर वेळ घालवू नका, आपल्या उबदार हवेत 7 ते 10 दिवसांत अंड्याची माशी होते. साचलेलं पाणी काढा, सुका पाला नाहीतर सोडणांचा (नारळाच्या सालींचा) भुसा घालून ढवळा, मासळीची घाण खोल पुरा, वर थर द्या, झाकण घट्ट.

सोल्जरच्या असतील तर झाकणाखाली पुठ्ठ्याचा कोरडा तुकडा अडकवा, ही माशी ओल्या कचऱ्यात नाही, जवळच्या सुक्या फटीत अंडी घालते. गांडूळखताच्या टाकीत मात्र यांना ठेवू नका, गांडुळांचं खाणं याच अळ्या संपवतात. पूर्ण वाढलेल्या काळपट अळ्या स्वतःच चढून बाहेर येतात, ड्रमच्या कडेला तिरकी फळी लावून खाली बादली ठेवली की सकाळी कोंबड्यांना फुकटचा खाऊ.